कुलकर्णी, पटवारी, पांडे, पाथरीकर: एकाच भावकीत चार आडनावं कशी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या पाथरी भागातल्या एका घराण्याची वंशावळ जुळवतो आहे. मूळ पुरुष एक, गोत्र एक, कुलदैवत एक, पण आज चार आडनावं दिसतात. गावात राहिलेले कुलकर्णी, सेलूकडे गेलेले पाथरीकर, एक शाखा पांडे, आणि निजामी काळातल्या उर्दू कागदांवर सगळेच पटवारी. यातलं मूळ कोणतं धरायचं?

दुसरं, त्याच गावच्या जुन्या नोंदींत मुंजाजी, सटवाजी, पिराजी, उकंडा, ग्यानोबा अशी नावं वारंवार येतात. त्यांचा उगम कोणी सांगेल का?

तिसरं, उर्दू कागदातलं एका कुळाचं आडनाव एका जाणकारानं ‘कोळी’ वाचलं, दुसऱ्यानं ‘कोले’. निर्णय कसा करायचा?

वतनदप्तर

दादा, चारपैकी एकही ‘मूळ’ नसेल, ही शक्यता आधी धरा. कुलकर्णी, पटवारी आणि पांडे ही तिन्ही एकाच कामाची नावं आहेत: गावचा महसुली हिशेब. मराठी कागदात कुलकर्णी, निजामाच्या महसूल दप्तरात पटवारी. हिशेब राखणाऱ्याला पांड्या म्हणत. परगण्याचा हिशेब ज्याच्याकडे तो देशपांड्या, आणि परगण्याचा वतनदार प्रमुख तो देशमुख. आवाज सारखा म्हणून उत्तरेकडच्या पांडेंशी नातं जोडू नका.

पद आणि उपनाव ही दोन वेगळी खाती आहेत. जांबच्या समर्थ रामदासांचं घराणं घ्या. उपनाव ठोसर, आणि गावचं कुलकर्णपद त्याच घरात. तुमच्याही घराण्याचं असं उपनाव लग्नाच्या याद्यांत, मुंजीच्या संकल्पात किंवा तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडू शकतं. ते गोत्राशी जुळलं की मगच मूळ म्हणा.

‘पाथरीकर’ ही जोड बहुधा गाव सोडल्यावर लागते. गावातच राहणाऱ्याला गावावरून कोण ओळखणार? दुसरं कारण म्हणजे एकाच पदाची घरं फार झाली की वेगळेपणासाठी गाव जोडतात. निलंग्याचे पाटील ते पाटील निलंगेकर, चाकूरचे ते पाटील चाकूरकर. गावाच्या नावाचं सामान्यरूपही ध्यानात घ्या: औसा–औसेकर, निलंगा–निलंगेकर, उमरगा–उमरगेकर, पण परळीकर, उदगीरकर, लातूरकर यांत बदल नाही. उलट्या दिशेनं गाव शोधताना हा ‘ए’ चकवतो. टाकळीकर, वडगावकर, पिंपळगावकर यांचा तर एकट्यानं काहीच उपयोग नाही, ही गावं तालुक्यागणिक आहेत. परगणा सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गावांची नावंही बदलली आहेत. निजामी कागदात ‘मोमिनाबाद’ आलं तर ते अंबाजोगाई समजा.

आणखी एक ठिकाण जिथे लोक हमखास चुकतात. निजामी राज्यात पाटलाला ‘पटेल’ म्हणत. त्यात ‘माली पटेल’ आणि ‘पोलीस पटेल’ असे दोन. ‘माल’ म्हणजे महसूल. माली पटेलाचा माळी समाजाशी काही संबंध नाही, पण उर्दूत ळ नसल्यानं माली आणि माळी सारखेच लिहिले जातात. मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांचं पटेल हे आडनाव याच पाटीलकीतून आलेलं आहे. गुजरातशी जोडू नका. देशमुख आणि इनामदार ही आडनावंही दोन्ही समाजांत आहेत. १९४९ साली जहागिरी संपल्या, पण जहागीरदार हे आडनाव टिकलं.

शिकस्ता

‘कोळी’ की ‘कोले’ याचं उत्तर देतो. उर्दूत हे नाव चार अक्षरांत बसतं: काफ, वाव, लाम, ये. वाव ‘ओ’ वाचता येतो, ‘ऊ’ किंवा ‘औ’सुद्धा. लामातून ल येतो आणि ळ पण तिथेच कोंबलेला असतो. छोटी ये असेल तर ‘ई’, बडी ये असेल तर ‘ए’. मात्र घसटीच्या लिखाणात कारकून दोन्हींची शेपटी कशीही ओढतो, नुक्तेही (अक्षरांचे टिंब) गाळतो. म्हणजे एकच आकार कोळी, कोले, कुली असा तीन तऱ्हांनी वाचता येतो. दोन्ही जाणकारांनी प्रामाणिकपणे वाचलं असणार. ‘कोल्हे’ मात्र त्यातून वगळता येतं, कारण त्यात ‘दोचश्मी हे’ हे ‘ह’ जोडणारं अक्षर दिसायलाच हवं.

निर्णय असा करा. त्याच कारकुनाच्या हातची दुसरी पानं घ्या. ज्यांचं वाचन निर्विवाद आहे अशी नावं शोधा, उदाहरणार्थ शेवटी ‘ई’ असलेलं ‘परभणी’ आणि शेवटी ‘ए’ असलेलं एखादं नाव. त्याची ये कुठे वळते ते पाहा आणि तुमच्या शब्दाशी ताडा. मग तोच सर्व्हे नंबर मराठी किंवा मोडी कागदात गाठा. शब्द कोणत्या रकान्यात आहे तेही बघा. जातीच्या रकान्यातला आणि नावामागचा शब्द एकसारखा दिसला तरी एक नव्हे. छायाचित्राशिवाय, नुसत्या लिप्यंतरावर विसंबू नका.

ण हाही असाच अडकवतो. चव्हाणचा ‘चौहान’ होतो, आणि पुढच्या पिढीत ते शाळेच्या दाखल्यावर कायम होतं.

‘कोम’ या शब्दाला जपा. मोडी कागदात ‘भागाबाई कोम तुकाराम’ म्हणजे तुकारामाची बायको. उर्दू कागदात ‘कौम’ म्हणजे जात. नवऱ्याचं नाव जात म्हणून उतरवलं की पुढचा सगळा वंशवृक्ष वाकडा जातो.

फसली, म्हणजे महसुली, सालाचं गणित: निजामी फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. इसवी सन काढायला फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. फसली १३५८ म्हणजे १९४८–४९.

अंबाईची लेक

नावांबद्दल मी लिहिते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण कोणत्या देवाला, कोणत्या भीतीनं हात जोडले ते नावात उतरलेलं असतं.

मुंजाजी, मुंजाभाऊ ही परभणी-हिंगोलीकडची नावं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो अशी समजूत. त्याच्या ठाण्याला नवस बोलला की मूल मुंजाजी. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून सटवाजी, सटवाबाई. उकंडा, कचरू, केरबा, दगडू, धोंडिबा ही नावं मुलं जगत नसलेल्या घरांतली. मूल उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं, ‘टाकून दिलेलं’ म्हणून उचलायचं. नको असलेल्या गोष्टीला दृष्ट लागत नाही. या नावांवरून घर गरीब होतं किंवा अमुक जातीचं होतं असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. सधन पाटलांच्या वंशावळीतही दगडू सापडतात.

पिराजी, फकिरा, फकीरराव ही पिराच्या नवसाची, हिंदू घरांतली नावं. इथला दर्गा सगळ्यांचा होता याची ही लेखी साक्ष आहे.

ग्यानोबा म्हणजे ज्ञानोबाच, बोलीतला उच्चार. आपेगाव पैठणजवळ, नामदेवांची नरसी हिंगोलीत, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबा तेरचे. त्यामुळे या नावांचा इथे सुकाळ. परळीमुळे वैजनाथ, औंढ्यामुळे नागनाथ आणि नागोराव, माळेगावच्या खंडोबामुळे खंडू, मल्हारी, म्हाळसा, तुळजापूरमुळे अंबादास, तुळजाराम. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, म्हणून गंगूबाई, गंगासागर.

वंशावळीसाठी एक सूचना. आजोबाचं नाव नातवाला देण्याची रीत असल्यानं ‘नागोराव वल्द गणोजी’ (गणोजीचा मुलगा नागोराव) आणि दोन पिढ्यांनंतरचा ‘नागोराव वल्द गणोजी’ हे दोघे वेगळे असू शकतात. प्रत्येक नोंदीपुढे साल टाका. साठ वर्षांचं अंतर दिसलं तर आजोबा-नातू समजा.

देगलूर नाका

सीमेकडची भर. नांदेडकडच्या ‘-वार’ आडनावांत तेलुगूतलं ‘वारु’ आहे, ‘अमक्याकडचे’ अशा आदराच्या अर्थाचं. कोत्तावारमध्ये कोत्ता म्हणजे नवं, मामीडवारमध्ये मामिडी म्हणजे आंबा; पण तेलंगणातल्या गावांची नावंही याच शब्दांवरून आहेत, म्हणून थेट अर्थ लावण्याआधी गाव तपासा. लातूर-उदगीरकडे ‘-अप्पा’ कन्नड, अर्थ वडील. मन्मथ हे नाव दिसलं तर बीडजवळच्या कपिलधारच्या लिंगायत संत मन्मथस्वामींची आठवण असते. हिरेमठ म्हणजे थोरला मठ.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. कागद कोणत्या क्रमानं मागायचे? आणि एका शाखेत जाधव जावई आहेत, ते स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणतात. नोंदवू का?

वतनदप्तर

यादवचं जाधव होणं भाषेच्या नियमात बसतं, तसंच चालुक्य–सोळंके, कदंब–कदम. पण शब्द जुळला म्हणून रक्त जुळलं असं होत नाही. मराठा, बंजारा आणि इतर अनेक समाजांत जाधव आहेत. ‘घराण्याची परंपरा’ असा शेरा मारून वेगळ्या रकान्यात ठेवा.

क्रम उलटा धरा, आजपासून मागे. पहिल्यांदा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही), असेल तर. त्यानंतर १९५४–५५ चं खासरा पत्रक (जमीन कोणाकडे याची नोंद), आणि त्यामागे सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंद) व फसली कागद. अर्जात आजचा गट नंबर देऊन भागत नाही. जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर आधी जुळवून घ्या, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर हाती पडेल. इनाम जमीन असेल तर ‘मुन्तखब’ची, म्हणजे इनाम मंजुरीच्या कागदाची, नक्कल मागा, त्यात वारसांची साखळी मिळते. पैठण आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आडनाव सांगून थांबू नका, गावाचं नाव आधी सांगा. वह्या बहुतेक गाववार लावलेल्या असतात, आणि तुमच्या चारही शाखा तिथे एकाच गावाखाली येतील.