शहरातून वाडीत आलेलं सात वर्षांचं मूल: एकट्याने कुठवर सोडायचं?
(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणंद
मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमधलं मूल सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत कायमचं राहायला आलं, की पहिल्याच आठवड्यात चार प्रश्न दारात उभे राहतात. दुकानात एकटं पाठवायचं का? शाळेत चालत जाऊ द्यायचं का? सायकल कुठवर? आणि व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, कधी? तिकडे याच वयाचं मूल लिफ्टने एकटं खाली गेलं तरी घरात चर्चा होते, त्यामुळे आईबापांचीही सवय मोडायची असते.

माझं मत स्पष्ट आहे. सातव्या वर्षी पहिल्या तिन्ही गोष्टी द्याव्यात, आणि आल्यापासून महिन्या-दीड महिन्यात द्याव्यात. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी असं आहे ते उगाच नाही. मूल चालत येणार हे त्यात धरलेलंच आहे.

दुकानाची रीत अशी ठेवा. पहिल्या दोन खेपा मूल पुढे, मोठं माणूस गप्प राहून मागे. कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते मुलानेच ठरवायचं. पुढच्या दोन खेपा वीस-पंचवीस पावलांचं अंतर. मग मोठ्याने अर्ध्या वाटेवरच्या वळणावर थांबायचं. त्यानंतर एकटं, आणि त्या दिवशी दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं. सुरुवातीला एकच वस्तू, तेवढेच सुटे. पुढच्या आठवड्यात ३५ रुपयांच्या वस्तूला ५० ची नोट.

गडबड कुठे होते? दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं. काम अर्धवट राहू नये म्हणून मूल पुढच्या दुकानाला जातं, आणि ते नेमकं हमरस्त्यापलीकडे असतं. म्हणून "दुकान बंद दिसलं तर तसंच घरी" हे निघण्याआधी मुलाकडून वदवून घ्यायचं.

चिरेखाण
असहमत. दुकानाचं एवढं बारीक लिहिलंत आणि पाण्याला शेवटचा नंबर दिलात. क्रम उलटा हवा.

आपल्याकडे जांभा चिरा मशीनने कापतात, त्यामुळे खाणीच्या भिंती सरळ उभ्या राहतात. काम थांबलं की खड्डा तसाच राहतो आणि पावसाळ्यात भरतो. नदीला उतार असतो, घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं असं पाणी वाढत जातं. खाणीत काठावरून एक पाऊल टाकलं की थेट दहा-पंधरा फूट, आणि वर यायला पाय टेकवायला जागा नाही. शहरातल्या मुलाने पाणी पाहिलंय ते स्विमिंग पूलचं, पायऱ्या आणि उथळ बाजू असलेलं. कुठल्याही पाण्याची कड उथळच असते अशी त्याची समजूत असते. गावातल्या मुलाला हे कुणी शिकवत नाही, ते त्याला माहीत असतं. तुमच्या मुलाला माहीत नाही.

बुडणारं मूल ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला वेळच नसतो. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईला आवाजही येत नाही.

तेव्हा दुकानाच्या आधी घराभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमधलं सगळं पाणी पायी फिरून बघा: विहिरी, खाणी, शेततळी, कोंडी (व्हाळातले डोह). सात वर्षांचं मूल साधारण १२० सेंटीमीटर उंच असतं. विहिरीचा कठडा त्याच्या छातीच्या वर, म्हणजे निदान ९० सेंटीमीटर हवा. कठड्याला लागून धुण्याचा दगड असेल तर तो आधी हलवा. एक फूट उंचीचा दगड म्हणजे तेवढाच कमी झालेला कठडा. वर लोखंडी जाळी घातलीत तर ती कळशी जाईल एवढ्या झाकणाची करा, नाहीतर दोन दिवसांत कुणीतरी ती उचलून बाजूला ठेवतं आणि ती परत कधीच लागत नाही.

घड्याळवाला
जीपीएसचं घड्याळ बांधा मनगटाला. प्रश्न मिटला.

वाडीकर
आधी वाडीत रेंज येते का ते बघा. दुसरं असं, की त्यातून घड्याळ कुठे आहे ते कळतं. मूल कुठे आहे ते वेगळं. पोहताना मुलं घड्याळ काढून काठावर ठेवतात.

पाणंद
चिरेखाण, पाण्याबद्दल मान्य. पण मग उपाय काय, मूल घरात कोंडायचं? पोहायला शिकवा.

सांगड
शिकवा, पण "पोहता येतं" म्हणजे काय ते आधी ठरवा. पूलमध्ये पंचवीस मीटर हात मारणं याला विहिरीत फार अर्थ नाही. इथली परीक्षा वेगळी: अंगावर कपडे असताना ढकलल्यासारखं पाण्यात पडायचं, वर येऊन उताणं व्हायचं, एक मिनिट हातपाय न झाडता तरंगायचं, दहा मीटर काठापर्यंत जायचं आणि कुणाच्या हाताशिवाय वर चढायचं. वर चढणं हाच त्यातला कठीण भाग. पायऱ्यांची विहीर त्यासाठीच निवडायची.

शिकवायचा काळ एप्रिल-मे. पाणी खाली गेलेलं असतं, तळ दिसतो. कमरेला दोर, दोराचं टोक पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातात आणि पाठीला ५ लिटरचा रिकामा कॅन. पाच लिटरचा कॅन साधारण पाच किलो भार उचलतो, मूल तरंगायला ते पुरतं. बूच घट्ट लावून वर रबर गुंडाळा. पोटाला बांधला तर मूल उताणं होतं; पाठीला असताना मूल थकलं तर तोंड पाण्यात जाऊ शकतं, म्हणून नजर हलवू नका. तीन-चार दिवसांनी कॅनमध्ये थोडं थोडं पाणी भरत जायचं, म्हणजे आधार कमी होत जातो आणि मुलाला कळतही नाही.

चिरेखाण
आणि पोहता आल्यावर तेच मूल जास्त खोल पाण्यात जातं. पोहण्याला विरोध नाही, पण "आता पोहता येतं, जाऊ दे" हे वाक्य बाराव्या वर्षापर्यंत उच्चारू नये. पाण्यावर सोबत मोठं माणूस हवं, आणि ते मोबाइलवर नसलेलं.

साईडपट्टी
दोघांनीही रस्ता हलका घेतलाय. शाळा १ किलोमीटरवर असली तरी मध्ये राष्ट्रीय महामार्ग ६६ आला तर ते अंतर एका किलोमीटरचं राहत नाही.

हिशेब करा. साधा गावरस्ता पाच मीटर रुंद, मूल सेकंदाला एक मीटर चालतं, म्हणजे ओलांडायला पाच सेकंद. ताशी ६० ने येणारी गाडी पाच सेकंदांत ८३ मीटर कापते. वळण ५० मीटरवर असेल तर रस्ता रिकामा दिसूनही उपयोग नाही, पलीकडे पोचेपर्यंत गाडी अंगावर. प्राथमिक शाळेतल्या मुलाला अंतर कळतं, वेग नीट कळत नाही. त्याला "गाडी लांब आहे" एवढंच दिसतं. म्हणून ओलांडायची जागा मुलाने निवडायची नाही, तुम्ही पावलं मोजून निवडायची, दोन्ही बाजूंना दीडशे पावलं रस्ता दिसेल अशी. चौपदरी रस्ता दहाव्या वर्षापर्यंत एकट्याने नाहीच. भुयारी मार्ग असेल तर चालेल, पण जूनमध्ये त्यात पाणी साचतं का ते आधी बघा. साचलं की मुलं वरून जातात.

फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालायचं, समोरून येणारं वाहन दिसतं. अपवाद एक: रस्ता उजवीकडे आंधळा वळत असेल आणि आतल्या बाजूला गडगा (दगडी कुंपण) असेल तर वळणाच्या आधीच डाव्या कडेला जायचं. गडगा चार फूट, मूल चार फूट. चालकाला ते दिसतच नाही.

पावसात छत्री नको. वारा आला की मूल ती चेहऱ्यासमोर धरतं. पिवळा रेनकोट आणि आत टोपी. नुसत्या रेनकोटच्या टोपरात मान वळवली तरी डोळे टोपराच्या आतच राहतात.

सायकल २० इंची, बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. दुकानातून येते तेव्हा ब्रेकचा दांडा लहान बोटांना लांब असतो, दांड्याच्या बुडाशी बारका स्क्रू असतो तो पिळून जवळ घ्या. उतारावर लाल मातीत पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं, म्हणून मागचा आधी. हे अंगणात शिकवून येत नाही, छोट्या मातीच्या उतारावर वीसेक वेळा करून घ्यावं लागतं.

पाणंद
+१. पावलं मोजायचं लिहायला हवं होतं, राहिलं.

मुक्कामी डॉक्टर
जनावरांबद्दल थोडक्यात. गडग्यात, चिऱ्यांच्या ढिगात हात घालायचा नाही. फुरसं तिथेच असतं आणि ते वीतभर असलं तरी विषारीच. तिन्हीसांजेनंतर पायात बूट आणि हातात बॅटरी, आणि बूट घालण्याआधी झाडून. चावलं तर मुलाला चालवायचं नाही, चावलेला हात-पाय न हलवता फळीला बांधायचा, अंगठी-पैंजण काढायचं. आवळून दोरी नाही, ब्लेड नाही, मांत्रिक नाही. १०८ ला फोन. सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आपल्या जवळ कुठल्या रुग्णालयात असतं ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा, रात्री अकराला शोधू नका.

लाल विंचू लहान मुलांत जास्त घातक. घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर घरी थांबायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे यावर प्राझोसिनचा उपचार रुळला आणि मृत्यू खूप कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळालं पाहिजे.

कुत्रा चावला तर साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं, मग दवाखाना. हळद-चुना नाही. मुलाला हे सांगा, की ओरखडा असला तरी घरी बोलायचं. मार पडेल म्हणून मुलं लपवतात.

वाडीकर
एवढी भीती कशाला? इथे प्रत्येक घराला मूल कुणाचं ते माहीत असतं. माणसांचा धोका शहरात.

उंबरठा
याच समजुतीचा सगळ्यांत जास्त त्रास होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात, की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. "सगळे ओळखीचे" हे सुरक्षिततेचं कारण होऊ शकत नाही.

"अनोळखी माणसाशी बोलू नकोस" हा शहरी नियम इथे कुचकामी आहे, कारण अनोळखी कुणी नसतंच. त्याऐवजी: कुणाच्याही घरात शिरण्याआधी, कुणाच्याही गाडीवर बसण्याआधी घरी येऊन सांगायचं. काका असो, शिक्षक असो. आणि "घरी सांगू नकोस" असं कुणी म्हटलं की तेच आधी सांगायचं. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर पाठ करून घ्या.

वाडीकर
नियम बरोबर आहे, पण मुलाने "नाही बसणार गाडीवर" म्हटलं की शेजारी दुखावतात. मग मुलालाच ओरडा बसतो. आईबापांनी चार घरी जाऊन आधीच सांगावं, "आमच्याकडे विचारल्याशिवाय बसायचं नाही असं ठरलंय." म्हणजे नकार मुलाचा राहत नाही, घराचा होतो.

उंबरठा
हे उत्तम. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

साईडपट्टी
अवांतर: गणपतीचे दिवस वेगळे धरा. चाकरमान्यांच्या गाड्या येतात, वाट माहीत नसते, रात्रभर गाडी चालवून आलेले असतात. त्या दहा दिवसांत सायकल अंगणात.

पाणंद
त्याच दिवसांत चुलत भावंडं येतात, आणि खरं शिकणं तिथे होतं. बंद करू नका. दहा-बारा वर्षांचं एक मूल टोळीत असेल तर पाणी सोडून बाकी सगळं चालावं.

चिरेखाण
टोळीत धाडस वाढतं, अक्कल नाही. इथे आपलं जमणार नाही.

एक मात्र करा. शाळेच्या वाटेवर साकव (व्हाळावरचा छोटा पूल) असेल तर त्याच्या खांबाला फळीच्या दोन फूट खाली ऑइलपेंटने लाल पट्टी मारा. पाणी पट्टीला लागलं की त्या वाटेने शाळा नाही, मुलाने तिथूनच परत फिरायचं. वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असताना व्हाळ चढतो, त्यामुळे आभाळ बघून ठरवता येत नाही.

पाणंद
आणि सकाळी पट्टी कोरडी होती, दुपारी सुटताना बुडाली तर?

चिरेखाण
तर शाळेतच थांबायचं. बाईंना जूनमध्येच सांगून ठेवा, आणि दप्तरात एक डबा जास्तीचा.