महाप्रसादाची पंगत आणि जपानी पाहुणे

*विश्रामबाग, सांगली. आमच्या सोसायटीचा ग्रुप*

सेक्रेटरी: मंडळी, रविवारी गच्चीवर गणपतीचा महाप्रसाद. बुफे नाही, पंगतच. मीटिंगमध्ये ठरलंय, पुन्हा विषय काढू नये 🙏 ओंकारच्या कुपवाडच्या कंपनीत आलेले दोन जपानी इंजिनिअर जेवायला येताहेत. टेबल-खुर्च्या कोणाकडे आहेत?

ओंकार: काका, टेबल नको. चटईवर बसून बुटक्या टेबलाशी जेवायची सवय तिकडे आहेच. पुढं चौरंग ठेवला की झालं. चमचा ठेवू, पण हातानंही जेवतील; सुशी हातानं खाल्लेली तिकडे चालते. फक्त बसल्याबसल्या हात पुसायला ओला टॉवेल द्या.

स्मिता वहिनी: भाताच्या मुदीवर दोन्ही देशांचे छोटे झेंडे खोचूया का? फोटो झकास येतील 📸

ओंकार: वहिनी, तेवढं नको हां. भातात काहीही उभं खोचायचं नाही. तिकडे मयतापुढं भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात.

ए-१ आजी: अगं बाई! राहू देत ते झेंडे. आपल्यातही नुसता कोरडा भाताचा गोळा बघितला की पिंडच आठवतो. मुदीवर वरण-तूप पडल्याशिवाय पाहुण्यांना बसवू नका.

नाना: ते जाऊ दे. जिलबी किती खातात तेवढं सांग. वाढायला मी आहे.

ओंकार: नाना, भीती त्याचीच आहे 😄 पानातलं टाकणं तिकडे वाईट दिसतं, भाताचं शीतसुद्धा ठेवत नाहीत. तुम्ही वाढणार, ते बिचारे संपवणार, पान रिकामं दिसलं की तुम्ही परत वाढणार. सोमवारी कंपनीत कोण येणार मग?

नाना: पान रिकामं म्हणजे माणूस उपाशी. आमच्या घरात हेच शिकवलंय.

वैशाली: आम्ही शांघायला होतो तेव्हा उलटंच बघितलं. पाहुण्यानं थोडं उरवायचं, सगळं संपवलं तर यजमानाला वाटतं, कमी पडलं. आता मात्र सरकारनंच मनावर घेतलंय. २०२१ मध्ये अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदा झाला, फार उष्टं टाकलं तर हॉटेलवाला जादा पैसे मागू शकतो.

सेक्रेटरी: आपल्या सोसायटीला लागू करता येईल का हा? मागच्या वर्षी पुऱ्यांनी बादली भरली होती. मोजून सांगतो, त्यात मुलांपेक्षा मोठ्यांची पानं जास्त.

सलीमभाई: सौदीत सोपं आहे. गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, छोट्या कपात, तळाशी जराशीच ओततात. कप रिकामा केला की परत ओतणार. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा. तोंडानं ‘नको’ म्हणायची वेळच येत नाही.

सिस्टर (सी-४): आमच्या केरळात सद्या, म्हणजे सणाची पंगत, झाली की केळीचं पान वरून आपल्याकडे दुमडतो. म्हणजे जेवण आवडलं, पोट भरलं. उलट्या बाजूला दुमडलं तर ते दुःखाच्या घरचं जेवण. इथं पहिल्यांदा पंगतीला बसले तेव्हा मी पान दुमडलं आणि वाढप्यानं ते उघडून मसालेभात घातला 🙈

नाना: मी नव्हतो तो.

सुभेदार मामा: आम्ही यूएनच्या मिशनवर इथिओपिया-इरिट्रिया सरहद्दीवर होतो. तिकडे इंजेरा, टेफच्या पिठाची आंबवलेली मोठी भाकरी, आपल्या आंबोळीसारखी आंबूस. सगळे एकाच ताटात. यजमान घास गुंडाळून स्वतःच्या हातानं आपल्या तोंडात घालतो, त्याला गुर्शा म्हणतात. जेवढा मोठा घास तेवढी माया. नाही म्हटलं तर त्याला लागतं. तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी खाल्ला. नाना तिकडे लई शोभले असते.

ओंकार: 😂😂 बरं, मी दोघांना आधीच सांगून ठेवतो, नको असेल तर पानावर हात आडवा धरा.

ए-१ आजी: त्यानं काय होतंय? आमच्या वेळी बोटांच्या फटीतून बासुंदी सोडायचे. बाईमाणसं हसून हसून बेजार व्हायची. पण तेव्हा जेवणारा ओळखीचा, त्याचं पोट वाढप्याला ठाऊक असायचं. परक्याला एकदा विचारावं आणि गप बसावं. आमटीचा भुरका मारतात का रे ते?

ओंकार: आजी, नूडल्स तर आवाज करूनच खातात, आणि सूपचा वाडगा सरळ तोंडाला लावतात.

ए-१ आजी: मग काही काळजी नाही. कटाची आमटी वाटीत द्या त्यांना.

सेक्रेटरी: ठरलं तर. पहिलं वाढप अर्धंच, हात आडवा दिसला की वाढप्यानं पुढं सरकायचं. श्लोक झाल्याशिवाय कोणी सुरुवात करू नये, लहान मुलांना सूट. वाढपी मंडळींनी ११ वाजता गच्चीवर यावं. नानांकडे मठ्ठ्याची किटली. जिलबीचं ताट सिस्टर घेतील.

नाना: हा अन्याय आहे.

सिस्टर (सी-४): 👍