मालिकांमधली छोटी अंतराळयानं जमवायची आहेत, सुरुवात कशापासून करू?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. विज्ञानकथांच्या टीव्ही मालिकांमधली बोटभर, फार तर वीतभर लांबीची यानं जमवायची ठरवलं आहे. स्टार ट्रेक सगळ्यात जवळची. मूळ मालिका दूरदर्शनवर पाहिली, पुढे केबलवर तिचीच पुढची मालिका, नेक्स्ट जनरेशन. स्पेस १९९९ अलीकडे पाहिली आणि त्यातल्या ईगल यानाने वेड लावलंय.

परिस्थिती सांगते. दिवाणखान्यात तीन फूट रुंद, चार खणांचं एक काचेचं कपाट माझ्या वाट्याला येणार आहे. महिन्याला हजार-दीड हजाराच्या वर जायचं नाही. किट जोडून रंगवत बसायला वेळ नाही. मुलगी सात वर्षांची आहे, तिने यानं हातात घेऊन खेळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. भाचा दीड वर्षाचा, तो सारखा आमच्याकडेच असतो. आणि आम्ही रत्नागिरीला राहतो, पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते.

कुठल्या कंपनीची घ्यावीत? धातूची की प्लॅस्टिकची? भारतात काय मिळतं, बाहेरून काय मागवावं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

दिगंतर

कंपनी नंतर ठरवा, आधी प्रमाण ठरवा. कपाट भरत आलं की सगळ्यात जास्त तेच जाणवतं.

या खेळण्यांचे दोन प्रकार पडतात. एकात प्रत्येक यान खोक्यात बसेल एवढंच करतात, मग ते मुळात केवढंही असो. दुसऱ्यात सगळी यानं एकाच प्रमाणात असतात. तुमच्या आवडीच्या मालिकांची बहुतेक खेळणी पहिल्या प्रकारातली. गालूब कंपनीने १९९३ पासून मायक्रो मशीन्स या नावाखाली स्टार ट्रेकची यानं काढली. त्यात गॅलिलिओ हे जेमतेम सात मीटरचं शटल आणि बोर्ग या शत्रूंचं तीन किलोमीटर बाजूचं घनाकार यान जवळजवळ एकाच आकाराचे आहेत! शेजारी शेजारी ठेवले की ज्याने मालिका पाहिली आहे त्याला खटकतंच. नायकांचं यान एंटरप्राइझ घ्या: मूळ मालिकेतली २८९ मीटरची, नेक्स्ट जनरेशनची ६४२ मीटरची, म्हणजे दुपटीहून मोठी. खेळण्यात दोघी सारख्याच.

तरीही तुम्हाला मी मायक्रो मशीन्सच सुचवेन, आणि त्याची कारणं पक्की आहेत. पहिलं म्हणजे नेमकेपणा. दोन इंचांच्या तुकड्यावर पंखांची ठेवण, इंजिनांचे कोन, एंटरप्राइझच्या पुढच्या बशीसारख्या गोल भागाच्या कडेची जाडी इतकी जपली आहे की अंधूक उजेडातही यान ओळखू येतं. दुसरं, यादी. नायकांची यानं सगळेच काढतात. गालूबने क्लिंगॉन, रोम्युलन, फेरेंगी, कार्डेशियन अशा मालिकेतल्या सगळ्या परग्रहवासीयांची काढली. एका भागापुरतं दिसलेलं यानसुद्धा त्यांच्याकडे सापडतं. बॅबिलॉन ५ या मालिकेचीही त्यांनी काढली होती. तिसरं, ती मऊसर प्लॅस्टिकची आहेत, मुलीच्या हातून पडली तरी मोडत नाहीत. १९९८ मध्ये गालूब हॅस्ब्रोने विकत घेतली, त्यामुळे आता सगळा माल जुन्या बाजारातला.

मऊ प्लॅस्टिकची एक खोड आहे. वर्षानुवर्षं डब्यात दाबून पडलेली यानं वाकडी होतात. कढत पाण्यात, म्हणजे उकळत्या नव्हे, अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला. आकार बसतो.

एकाच प्रमाणाचा आग्रह असेल तर खेळण्यांच्या दुकानातून बाहेर पडून टेबलावरच्या युद्धखेळांकडे वळायला लागतं. फँटसी फ्लाइटने २०१२ मध्ये आणलेल्या एक्स-विंग खेळातली यानं १:२७० या प्रमाणात आहेत आणि रंगवूनच येतात. त्यात स्टार वॉर्सच्या रेबेल्स मालिकेतलं घोस्ट यानही आहे, छोटं फँटम यान त्याच्या पाठीला चिकटतं. शेजारी एक्स-विंग हे लढाऊ यान जेमतेम पावणेपाच सेंटिमीटरचं. हा फरक पाहताना जो आनंद होतो तो खोक्याच्या मापाच्या खेळण्यांत नाही. पण तो सगळा स्टार वॉर्सचा संसार, तुमचा नाही.

रामबाण

दिगंतर यांच्याशी सहमत, फक्त सुरुवात त्याहून सोपी करा. हॉट व्हील्सची यानं मोठ्या खेळण्यांच्या दुकानांत अधूनमधून दिसतात, स्टार वॉर्सची जास्त, एंटरप्राइझ क्वचित. धातूची आहेत, हातात वजन लागतं, आणि खोकं बघून घेता येतं. एंटरप्राइझ दिसली तर थांबू नका, ती परत येईलच असं नसतं.

मर्सीकाठ

सोनचाफाताई, ईगलचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मी लिव्हरपूलला राहते आणि तुम्हाला हवं असलेलं ईगल याच शहरात बनत होतं. बिन्स रोडवर मेकॅनो या खेळण्यांच्या कंपनीचा कारखाना होता, डिंकी टॉइज ही धातूची खेळणी तिथलीच. नोव्हेंबर १९७९ मध्ये कारखाना बंद झाला. इथल्या वयस्कर माणसांकडे अजून त्याची आठवण निघते. कुणाची आई रंगखात्यात होती, कुणाचा काका साच्यांवर.

डिंकीने टीव्हीवरच्या यानांचं काम फार मनावर घेतलं. १९६७ मध्ये थंडरबर्ड्स मालिकेतलं थंडरबर्ड २ हे यान आलं. त्याचे पाय स्प्रिंगने खाली येतात आणि पोटातल्या डब्यात पिवळं, छोटं थंडरबर्ड ४ असतं. ५५ वर्षांहून जास्त झाली, तरी पाय खटकन उघडले की मोठी माणसंसुद्धा हसतात. १९७१ मध्ये यूएफओ मालिकेचं इंटरसेप्टर आलं. नंतर ईगल दोन रूपांत आलं: क्रमांक ३५९ प्रवासी आणि क्रमांक ३६० मालवाहू. मालवाहू ईगलमध्ये किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं चुंबकाच्या कप्पीने वरखाली करता येतात. स्टार ट्रेकची एंटरप्राइझ क्रमांक ३५८, तिच्या बशीतून गोल चकत्या उडतात आणि पोटात छोटं शटल असतं.

रंगाबद्दल आधीच सांगून ठेवते. मालिकेतलं इंटरसेप्टर पांढरं, डिंकीचं हिरवं. मालिकेतलं ईगल पांढरं, डिंकीचं प्रवासी ईगल हिरवट. काही संग्राहकांना हे अजिबात चालत नाही. मला मात्र तो हिरवा रंगच प्रिय आहे. त्या काळच्या इथल्या मुलांनी ते यान दिवसा अंगणात हिरवं पाहिलं आणि संध्याकाळी टीव्हीवर पांढरं, आणि दोन्ही त्यांच्यासाठी खरं होतं.

घेताना तीन गोष्टी पाहा. सुटे भाग पूर्ण आहेत का: क्षेपणास्त्रं, चकत्या, शटल, पिंपं. हे आधी हरवतात आणि नवीन बनवलेले पर्यायी भाग सर्रास विकले जातात. त्यात वाईट काही नाही, पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं आणि किंमत त्याप्रमाणे हवी. दुसरं, रंग पुन्हा मारलेला आहे का: कडांवर झीज नाही, पण बिजागरीत आणि खाचांत जाड थर, असं दिसलं तर समजा रंगवलेलं आहे. तिसरं, खोकं. खोक्यासह किंमत खूप वाढते. तुम्हाला कपाटात यान ठेवायचं आहे, खोकं नव्हे. बिनखोक्याचं, थोडं झिजलेलं, पण पूर्ण असलेलं ईगल घ्या.

तुमच्या महिन्याच्या रकमेत ते बसणार नाही. तीन-चार महिने काही घेऊ नका आणि एकदम ते घ्या.

सोनचाफा

दिगंतर, मर्सीकाठ, किती आपुलकीने लिहिलंत! प्रमाणाचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. पिंपं वरखाली होणारं ईगल आता डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या हवेत धातू टिकेल का, हे कोणी सांगेल का?

अनवट

मी संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

ही धातूची खेळणी लोखंडाची नसतात. जस्तात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेला धातू साच्यात ओततात. त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली तर काही दशकांनी वस्तूला आतून तडे जातात, ती फुगते आणि शेवटी तिचा भुगा होतो. दमट आणि उष्ण हवेत हे लवकर होतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यांमध्ये हा रोग फार दिसतो. सत्तरच्या दशकापर्यंत धातूची शुद्धता सुधारली होती, म्हणून ईगलची त्या बाजूने भीती नको. मात्र रंग उडालेल्या जागी जस्तावर पांढरी भुकटी धरते. तिथे मऊ कापडाने पुसून अगदी पातळ मेणाचा हात द्या.

कपाट कशाचं आहे हे हवेइतकंच महत्त्वाचं. नवीन एमडीएफ किंवा प्लायवूडमधून आम्लाची वाफ येत राहते आणि बंद काचेच्या आत ती साठते. जस्ताला ती चांगलीच बाधते. पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी चौकटीचं आणि काचेच्या फळ्यांचं कपाट घ्या. प्रत्येक खणात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलला की मंद आचेवर सुकवून परत वापरा.

आणि डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवू नका, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे पावसाळा आला की घरातल्या प्रत्येक कपाटात त्या जातात. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं, रंग चिकट होतो. घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ठेवणारे प्रेमापोटीच ठेवतात.

मायक्रो मशीन्ससारखी मऊ प्लॅस्टिकची यानं पारदर्शक कडक डब्यात एकमेकांना टेकून वर्षानुवर्षं ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि टेकलेल्या जागी डाग पडतात. ऊन थेट येणार नाही अशी भिंत निवडा, पांढरी यानं उन्हाने पिवळी पडतात. धूळ काढायला मेकअपचा मऊ ब्रश. काच पुसायचा फवारा कपाटाच्या आत मारू नका, कापडावर घेऊन बाहेर पुसा.

चिंटूचे_बाबा

भाच्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितोय. १९७८ मध्ये बॅटलस्टार गॅलॅक्टिका मालिका सुरू झाली, तेव्हा मॅटेलने तिची यानं काढली. त्यातून लाल छोटं क्षेपणास्त्र उडायचं. ते घशात अडकून अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मॅटेलने खेळणी परत बोलावली, पुढे क्षेपणास्त्र न उडणारी करून विकली आणि इतर कंपन्यांनीही उडणारे भाग काढून टाकले किंवा मोठे केले.

डिंकीची चकत्या आणि क्षेपणास्त्रं उडवणारी यानं त्याच्या आधीची आहेत. पिंपंही घशात जाण्याएवढीच. मुलीला द्या, तुमच्या समोर. भाचा घरात असेल तेव्हा सुटे भाग कुलपात. खालचे दोन खण रिकामे ठेवा किंवा तिथे पुस्तकं लावा.

पोटोमॅक

खरेदीबद्दल. मायक्रो मशीन्स एकेक घेऊ नका. इथे अमेरिकेत लोक माळा आवरताना दहा-वीस यानांचा ढीग एकत्र विकतात, त्यात एकेका यानाची किंमत निम्म्याहूनही खाली येते. जाहिरातीतला फोटो मोठा करून यानं मोजा आणि स्टँड वेगळे मोजा. स्टँड नेहमी कमी असतात.

भारतात थेट मागवताना कस्टमचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. सध्या तुमच्या पार्सलला किती लागेल ते कुरियर कंपनीला विचारूनच पैसे भरा. कोणी नातेवाईक येणार असतील तर त्यांच्या पत्त्यावर ढीग जमवून ठेवणं परवडतं, यानं हलकी असतात.

ईगलमॉस या कंपनीचा उल्लेख कसा आला नाही? २०१३ पासून ते स्टार ट्रेकची यानं मासिकासोबत काढत होते, दीडशेहून जास्त निघाली, तळहाताएवढी, धातू आणि प्लॅस्टिक मिळून. त्या मासिकांत यानाच्या रचनेची मूळ रेखाटनं असायची, ती माझ्या मते यानाइतकीच मोलाची. २०२२ मध्ये कंपनी बुडाली. नाजूक आहेत, बारीक खांब पटकन तुटतात. मुलीने खेळायची असतील तर ही नकोत. वरच्या खणात एखादं शोभेल.

अवांतर: कधी वॉशिंग्टनला आलात तर स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात मूळ एंटरप्राइझ पाहा. चित्रीकरणात वापरलेली अकरा फुटी. पॅरामाउंटने ती १९७४ मध्ये दिली, २०१६ मध्ये तिची डागडुजी पूर्ण झाली. तिची डावी बाजू अर्धवटच आहे. दिव्यांच्या तारा त्या बाजूने बाहेर काढायच्या होत्या, म्हणून चित्रीकरण उजवीकडूनच व्हायचं. आपली दोन इंची एंटरप्राइझ दोन्ही बाजूंनी पूर्ण असते! मी ते पाहिल्यापासून माझी सगळी यानं उजवी बाजू पुढे करूनच ठेवतो.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: मधल्या खणात मायक्रो मशीन्स, फक्त नेक्स्ट जनरेशन मालिकेतली, म्हणजे आकारांची गल्लत एकाच मालिकेपुरती राहील. वरच्या खणात एकटं मालवाहू ईगल, ते दिवाळीपर्यंत. खाली पुस्तकं. लोखंडी चौकटीच्या कपाटाची चौकशी सुरू केली आहे. बहीण न्यू जर्सीला असते, तिच्या पत्त्यावर पहिला ढीग मागवते. डांबराच्या गोळ्यांचं सासूबाईंना आजच सांगितलं.

एक शेवटचं: स्टँड नसलेल्या यानांचं काय करू? चिकटमातीवर बसवली तर चालतील?

दिगंतर

चिकटमाती नको, तिच्यातलं तेल प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि डाग जात नाही. साइनबोर्डवाल्याकडे ॲक्रिलिकचे कपटे मिळतात. इंचभर चौकोन बैठकीसाठी घ्या आणि त्यात भोक पाडून तीन मिलिमीटरची पारदर्शक कांडी बसवा. मायक्रो मशीन्सच्या पोटाला स्टँडसाठी भोक असतंच. कांडीचं टोक पॉलिशपेपरने थोडं थोडं घासून त्या भोकात सैलसर बसेल एवढं करा, गोंद लावू नका. मुलीला यान उचलून खेळता येईल आणि परत ठेवताही येईल.