मीटिंगचा पहिला दिवस: तुमचे अनुभव लिहा

प्राजक्त
काल भाजी घेऊन येताना पालिकेच्या शाळेवरून गेले. तळमजल्यावर एका वर्गात ट्यूबलाइट, बाकं सरकवल्याचा आवाज, फाटकाला सुतळीने बांधलेली पाटी: ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा ग्रुप. पाय तिथेच थबकले.

२००८ साली अशाच एका शाळेत बाबा पहिल्यांदा गेले. ते पुढे आणि मी वीस पावलं मागे, कारण "तू सोबत आलीस तर मी जाणार नाही" असं बजावलं होतं. दीड तास समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभी. दुकानदाराने शेवटी स्टूल पुढे केलं, विचारलं काहीच नाही. बाबा बाहेर आले ते एवढंच म्हणाले, "आडनाव विचारलं नाही गं कोणी. फी पण नाही." घर येईपर्यंत हेच तीनदा. फॉर्म भरावा लागेल, ऑफिसात कळेल, ही धास्ती घेऊन माणूस इतकी वर्षं बसला होता.

मध्ये दोनदा घसरले, परत गेले. २०२१ मध्ये बाबा वारले. शेवटची अकरा वर्षं थेंब नाही.

कोणी गेलंय का, स्वतःसाठी किंवा घरच्यासाठी? लिहा ना.

खिडकीपाशी
मी. नऊ वर्षं सोबर, आजचा दिवस धरून. तीनदा फाटकावरून परत फिरलोय. चौथ्यांदा एक काका बाहेर चहा पीत उभे होते, म्हणाले, "अर्धा घे, मग जायचं तर जा." आत एक जण सांगत होता, गच्चीवरच्या टाकीत दोरी बांधून क्वार्टर सोडून ठेवायचा. माझ्या मानेवर काटा आला. मी हेच करायचो आणि जगात हे फक्त मलाच सुचलंय असं समजायचो. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही, कोणी बोलायला लावलंही नाही.

तिखटमीठ
प्राजक्त, त्या स्टूलवाल्या दादांना माझा नमस्कार. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

वाटेवरची
आमच्याकडे मी आधी गेले, नवरा नंतर. अल-अनॉनला, म्हणजे घरच्यांचा वेगळा ग्रुप असतो तो. सहा वर्षं मी बाटल्या मोरीत ओतल्या, त्यांच्या साहेबांना "ताप आहे हो" म्हणून फोन केले. मला वाटलं तिथे दारू सोडवायची युक्ती सांगतील. एका ताईंनी विचारलं, "तू शेवटची शांत कधी झोपलीस?" रडूच फुटलं. त्या ताप-बिपाच्या फोनांनी मीच सगळं झाकत होते, हे कळायला पुढे चार महिने गेले. नवऱ्याची अजून धरसोड चालू आहे. मी जातेच.

तिखटमीठ
वाटेवरची, 🫂 माझ्या बहिणीचं अगदी हेच.

रात्रपाळी
वॉर्डात काम करते म्हणून कळकळीने लिहिते. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, दरदरून घाम, मग फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात. जीव जातो त्यात. आधी डॉक्टर, मीटिंग त्याच्या जोडीला. आणि कुणाच्या सांगण्यावरून वरणात गुपचूप गोळी मिसळू नका. डायसल्फिरम, म्हणजे दारू सोडवायची ती गोळी, पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेततं. हे केलेल्या आया-बायका मी पाहिल्यात, हेतू चांगला असतो, पण नका करू.

माणदेशी
आमच्या गावात दारू सोडायची म्हणजे माळ घालायची. मामानं दोनदा घातली, दोनदा काढून खुंटीला अडकवली. मग पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी होती मागे. तिथून येताना सांगितलं, गावाजवळचा ग्रुप सोडू नको. एसटीनं बत्तीस किलोमीटर जायचा. तिसऱ्यांदा घातलेली माळ अजून गळ्यात आहे.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात चर्चच्या हॉलमध्ये, शेअरिंग कोंकणीतून. आईला भीती, पोराला बाटवतील. तिला घेऊनच गेलो, ओपन मीटिंग होती, कोणीही बसू शकतं. 'आपल्याला उमजेल तसा देव' हे ऐकल्यावर म्हणाली, मग माझा मंगेश चालेल. आता दर वर्षी माझ्या सोबर वाढदिवसाला खतखतं करून पाठवते.

तिखटमीठ
खतखत्यात तिरफळं घालता ना? आमच्याकडे मिळत नाहीत हो.

मांडवीकाठ
तिरफळांशिवाय कसलं खतखतं! पत्ता कळवा, पाठवतो.

नवीनसभासद
वाचतोय सकाळपासून. तालुक्याच्या गावी आहे, इथे सगळे ओळखतात. रोजची आहे. विचारायचं तरी कुठे?

रात्रपाळी
रोजची म्हणताय, तर आधी सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट. हात थरथरतात का सकाळी?

नवीनसभासद
हो.

खिडकीपाशी
दादा, उद्या दवाखाना, घरचं कोणी सोबत घ्या. मीटिंग फोनवरूनही होतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. मी तुम्हाला निरोप टाकलाय, बघा. रात्री कितीही वाजता लिहा.

नवीनसभासद
बघितला. बायकोला आत्ताच सांगितलं. ती केस पेपरसाठी आधार कार्ड शोधतेय.