फेस, केग आणि डेन्व्हरची उंची

*भावंडांचा ग्रुप, शनिवार*

मंदार (डेन्व्हर): कोणी जागं आहे का? घरच्या केगमधून (बिअरचा पिंप) नुसता फेस येतोय. पाऊण ग्लास फेस, तळाला दोन बोटं बिअर. न्यू जर्सीत हाच फ्रिज होता, हीच नळी, गॅसचं प्रेशर हेच 12 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). कधी तक्रार नव्हती. पुढच्या शनिवारी आठ जण जेवायला आहेत 😩

शलाका (बंगळुरू): दादा, पहिलाच ग्लास फेसाळतो की सगळे?

मंदार: सगळे. म्हणून प्रेशर 6 वर आणलं, तर अजूनच वाढला.

शलाका: वाटलंच. सगळे हेच करतात. प्रेशर उतरवलं की बिअरमध्ये विरघळलेला वायू नळीतच सुटायला लागतो. नळीत बुडबुडे दिसतायत ना?

मंदार: हो, केगकडून सरकत येतायत.

बापूकाका: आत थंडी किती?

मंदार: डिस्प्लेवर 38 फॅरनहाइट, काका.

बापूकाका: डिस्प्ले हवेचं सांगतो, बिअरचं नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये जन्म गेला माझा. ग्लासभर पाणी रात्रभर केगशेजारी ठेव. सकाळी त्यात थर्मामीटर बुडव.

कल्पनाआत्या: आमचा मोरावळा फेसाळला की मी टाकून देते बाई.

*रविवार*

मंदार: काका, 43 निघालं!!

बापूकाका: मग? फ्रिजचा नॉब अजून गारकडे फिरव आणि निदान एक दिवस उघडझाप करू नकोस. 59 लिटरचा केग आहे, पाण्याची बाटली नाही.

शलाका: काकांचं बरोबर, पण अजून एक आहे. डेन्व्हर 5280 फुटांवर. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, आणि तिथली हवा विरळ. म्हणजे काटा 12 वर असला तरी बिअरवर दाब जर्सीपेक्षा अडीचेक पीएसआय कमीच. आम्ही दर 2000 फुटांना 1 पीएसआय जास्त धरतो. बंगळुरू 3000 फुटांवर, म्हणून इथे दीड जास्त. तू साडेचौदा ठेव.

मंदार: फेस येतोय आणि प्रेशर वाढवू??

शलाका: वाढव, पण सोबत नळी लांब कर. किती आहे आत्ता?

मंदार: 5 फूट. आतला व्यास 3/16 इंच.

शलाका: व्यास तोच ठेवून 10 फूट घे आणि फ्रिजमध्येच गुंडाळून ठेव. घर्षणाने जोर मोडतो, नळाशी बिअर शांत येते. आणि नळ पूर्ण उघडायचा! अर्धा उघडून ओततोस ते मी पाहिलंय.

मंदार: 🙈 ग्लास फ्रीजरमध्ये ठेवतो, ते?

शलाका: नको. काचेवरच्या बर्फाच्या कणांवर फेस धरतो. गार पाण्यात विसळ, बस. आणि घाई नको, उडालेला वायू परत मुरायला तीन-चार दिवस जातात.

*शुक्रवार*

मंदार: (फोटो) दोन बोटं फेस, खाली सोनं. फक्त पहिला ग्लास अजून फेसाळतो.

शलाका: तो वरचा टॉवर, म्हणजे फ्रिजवरचा नळाचा खांब, तापतो म्हणून. खालची गार हवा वर ढकलायला कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसव. उद्यापुरता पहिला ग्लास तूच घे.

बापूकाका: पाणी किती दाखवतंय?

मंदार: 38, काका.

बापूकाका: 👍

कल्पनाआत्या: आठ जणांना जेवायला काय आहे ते कोणीच विचारलं नाही.