पाऊस थांबला की लगेच एका पेटीच्या दोन? नका करू

डोंगरमाथा: परवा इथे एकाने लिहिलं, "पाऊस थांबला की सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या) एका पेटीच्या दोन करा, पोळ्याच्या चार चौकटी नव्या पेटीत टाका, माश्या राणी आपोआप बनवतात." खाली नवीन पोरं "धन्यवाद दादा" म्हणून मोकळी, म्हणून एवढं लिहितोय. आमच्या महाबळेश्वरच्या पावसात जून ते सप्टेंबर माशीला धड बाहेर पडता येत नाही, साठवलेल्यावर दिवस काढते, ऑक्टोबरात पेटीत चौकटी आठ पण माशी जेमतेम चारांवर, त्याचे अजून दोन तुकडे करणार? मी केलेत. दोन वर्षांपूर्वी, दसरा झाल्या झाल्या. राणी झाली, कोषातून बाहेरही आली, पण माझ्या एकाही पेटीत नर नव्हता, मग मिलन कुणाशी होणार? महिन्याभराने झाकण काढलं तर पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन अंडी, म्हणजे कामकरी माश्यांनीच घातलेली, त्यातून नुसते नरच निघणार. पुढे मेणकिडा लागला. आईने चार वर्षं सांभाळलेली पेटी होती ती, तिला सांगायला तोंड नव्हतं मला.

जांभूळबन: ती पोस्ट माझी. मग काय फेब्रुवारीपर्यंत थांबायचं? हिशोब करा की. कोवळ्या अळीपासून राणी निघायला ११-१२ दिवस, मिलन होऊन अंडी घालायला लागेपर्यंत अजून ८-१०, त्या अंड्यातून कामकरी निघायला २० च्या आसपास. नव्या राणीची पहिली माशी चाळीस दिवसांनी, आणि ती फुलावर जाणार त्यानंतर अजून दोन-तीन आठवड्यांनी. फेब्रुवारीच्या मध्याला केलं तर तोवर जांभूळ फुलून संपत आलेलं असतं. आणि थांबलं की भरलेली पेटी स्वतःच फुटते, म्हणजे थवा उडून जातो. मागच्या वर्षी माझे तीन थवे डोळ्यांदेखत उडाले, एक तर दरीपलीकडे गेला.

भुदरगडची माशी: तुम्ही दोघं तारखेवर भांडताय पण पाकाचं कुणीच बोलेना. अशी घाईत केलेली पेटी साखरेच्या पाकावरच जगवावी लागते, आणि मधकोठी (पेटीवरचा मध साठवायचा कप्पा) चढवल्यावरही पाक चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत, तो पाक मग मध म्हणून विकला जातो.

जांभूळबन: ताई, हा सरळ आरोप झाला. मी पाक देतो तेव्हा पेटीवर मधकोठी नसतेच. मला ओळखत नसताना असं लिहू नका.

खाडीकाठ: ताई, पाक न देऊन चालेल का? सातेरी उपाशी राहिली की पेटी सोडून निघून जाते. आमच्याकडे श्रावणात दोन पेट्या अशाच रिकाम्या झाल्या, सकाळी बघितलं तर आत एक माशी नाही. निम्मी साखर निम्मं पाणी, संध्याकाळी आतच ठेवायचं, सांडायचं नाही, नाहीतर मुंग्या येतात आणि शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. यात पाप काय आहे?

भुदरगडची माशी: उपाशी माशीला द्यायला मी कधी नको म्हटलं? डिसेंबर २०२० मध्ये मोठमोठ्या ब्रँडच्या मधात भेसळ निघाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून गिऱ्हाईक माझ्या बाटलीकडे संशयाने बघतं. कुणी काडी बुडवून पेटवतं, कुणी पाण्यात थेंब टाकतं, आणि या घरगुती परीक्षांनी काही सिद्ध होत नाही हे सांगून सांगून घसा बसला. एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, साखर किती घालता. मी घरी येऊन रडले. म्हणून पाक म्हटलं की डोकं फिरतं माझं.

डोंगरमाथा: ताई, तुमचं दुःख कळतं, पण इथे विषय नरांचा आहे आणि तो बाजूलाच राहिला! सातेरीच्या नराच्या घराची टोपी, म्हणजे वरचं झाकण, वर आलेली असते आणि तिला मधोमध बारीक भोक असतं. त्या टोप्या दिसल्याशिवाय पेटीला हात लावू नका. नर निघायला २४ दिवस, आणि निघाल्यावर मिलनाला तयार व्हायला अजून दहाएक. जांभूळबन, तुमच्या चाळीस दिवसांत हा हिशोब कुठे आहे?

जांभूळबन: नाहीये. ते लिहायला हवं होतं, एवढं मान्य. पण आमच्याकडे खाली नोव्हेंबरात नर दिसतात. तुमच्या माथ्यावर उशिरा येत असतील, म्हणून सगळ्यांना फेब्रुवारी का सांगता? मी आठ वर्षं करतोय, वाचून बोलत नाहीये.

डोंगरमाथा: मी फेब्रुवारी म्हटलंच नाही, वर जाऊन वाचा. "पाऊस थांबला की" एवढं काढा आणि तिथे "नराच्या टोप्या दिसल्या आणि सहा चौकटी माश्यांनी झाकल्या की" असं लिहा, मग नोव्हेंबर असो नाहीतर काही, माझं भांडण नाही.

जांभूळबन: टोप्यांचं लिहितो. सहा चौकटींचं नाही, माझ्या पाचांवर झाल्यात.

भुदरगडची माशी: आणि मधकोठी काढल्याशिवाय पाक द्यायचा नाही, हेही त्यातच लिहा.