पन्हाळ्यावर पर्यटकांच्या गाड्या वर सोडाव्यात का?

धागाकर्ता (पायवाटकरी)

परवाच्या रविवारी पन्हाळ्याला गेलो. बुधवार पेठेपासून गाड्यांची रांग होती, त्या रांगेतच पाऊण तास गेला. वर अंधारबावीपाशी बसलो होतो. एक गाडी आली, चौघं उतरले, वरच्या मजल्यावरच फोटो काढले आणि सज्जा कोठीकडे निघून गेले. खाली कुणी उतरलंच नाही. पायऱ्या उतरताना दगडाचा गारवा अंगाला भिडतो, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघायची वाट दिसते, तळाशी पाणी लागतं. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर तीन मजली इमारत उभी केली, हे खाली गेल्याशिवाय कळत नाही.

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, म्हणजे गर्दी वाढणारच. जुलै २०२१ च्या पावसात गडाचा मुख्य रस्ता खचला होता, तो घाट आणखी किती सोसणार? बाहेरच्या गाड्या खालीच थांबवाव्यात. ज्यांना जमेल त्यांनी चालत यावं, बाकीच्यांसाठी छोट्या बस ठेवाव्यात. असं माझं ठाम मत आहे.

गडावरची सून

दादा, तुम्ही रविवारी येता, आम्ही सातही दिवस इथंच असतो. माझी दोन पोरं इथंच शिकतात. वारसा यादीसाठी नामांकन चाललं होतं तेव्हा आम्हाला उठवतील का, या धास्तीनं गडावर कितीतरी घरांत झोप नव्हती. आता पुन्हा 'गाड्या बंद' म्हटलं की पोटात गोळा येतो. माझ्या सासूबाई झुणका-भाकरी आणि खर्डा विकतात. भर पावसात बसची वाट बघून कोण वर येणार भाकरी खायला?

आणि एक सांगते. पन्हाळा म्हणजे नुसता तट नव्हे. कवी मोरोपंत १७२९ साली इथंच जन्मले. १७८२ पर्यंत करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी इथं होती. ताराराणींच्या वाड्यात शाळा भरली. इथं माणसं कायम नांदत आली, म्हणून हा गड जिता आहे.

पायवाटकरी

ताई, रहिवाशांच्या गाड्यांबद्दल मी बोलतच नाहीये. तुमच्यावर बंधन नको, हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. चुकलं माझं.

मुलगा, सांगली

माझा विरोध आहे. वडील अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही गुडघे गेलेले. मागच्या दिवाळीत त्यांना गाडीने थेट अंबरखान्यापर्यंत नेलं. गंगा कोठीत शिरल्यावर त्यांनी मान वर करून छताच्या घुमटातलं चौकोनी भोक बघितलं आणि म्हणाले, "इथनं धान्य ओतत असणार." बराच वेळ तिथंच उभे राहिले, हात भिंतीला टेकून. शेतकरी माणूस, कोठाराची रचना त्यांना कुठल्याही पाटीपेक्षा जास्त कळली. त्यांना बसमध्ये चढवा, उतरवा, पुन्हा चढवा, हे झेपलं नसतं. गड फक्त धडधाकट माणसाचा आहे का?

मसाई पठार

आम्ही दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड चालतो, त्या अनुभवावरून लिहितो. १६६० साली सिद्दी जौहरने मार्चपासून गड वेढला होता. जुलैत, रात्री, कोसळत्या पावसात महाराज राजदिंडीच्या, गडाखाली उतरणाऱ्या अवघड वाटेने बाहेर पडले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात शत्रूच्या हाती गेला आणि जिवाला मुकला. बाजीप्रभू खिंडीत लढत राहिले. राजदिंडीच्या त्या उतारावर चिखलात एकदा पाय घसरला की पालखी खांद्यावर घेऊन पळणाऱ्यांचा विचार आपोआप मनात येतो. काचा वर करून बसलेल्याला ते कसं कळावं? धागाकर्त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

गडावरची सून

दादा, राजदिंडीचं बोललात ते पटलं, मीही उतरलेय ती वाट. पण तो गड चार महिने टिकला कशावर? अंबरखान्यातल्या धान्यावर आणि विहिरींतल्या पाण्यावर. ते धान्य दळणारे, ते पाणी भरणारे हात होतेच की. आणि तुमच्या मोहिमा परत गेल्या की फाटके रेनकोट, पाण्याच्या बाटल्या आम्हीच गोळा करतो. चालणारा आला म्हणून गडाचं भलं झालं असं होत नाही.

मसाई पठार

कचऱ्याचं खरं आहे. आमच्या गटाकडून आम्ही परत नेतो, पण सगळे नेत नाहीत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इतिहासाचा विद्यार्थी

दोन्ही बाजूंना एक आठवण करून देतो. गाड्या ज्या बाजूने आत येतात तिथे पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. तीन दरवाजा वाचला. तो निवांत उभं राहून बघा. आतल्या बाजूचं कोरीवकाम, वरचा फारसी शिलालेख. पुढे सोमेश्वर तळं, अंबाबाईचं देऊळ, सादोबाचा दर्गा. शिलाहार भोज दुसरा, आदिलशाही, मराठे, सगळे इथे एकमेकांशेजारी आहेत. तीन दरवाजासमोर गाड्या लागल्या की त्याची उंचीच नजरेत मावत नाही. मला सगळ्या गडावर बंदी नको. वास्तूंच्या पुढ्यात मात्र एकही गाडी नको.

मुलगा, सांगली

हे मला मान्य आहे. अंबरखान्यापासून शंभर पावलांवर उतरवलं तरी वडील काठी टेकत येतील. तेवढं बसायला मध्ये एक कट्टा हवा.

गडावरची सून

कट्टा आम्ही बांधून देऊ. बस सुरू केलीच तर ती गडावरच्या पोरांनी चालवावी, आणि सासूबाईंची चूल आहे तिथंच राहावी. एवढं कबूल असेल तर पुढचं बोलू.

पायवाटकरी

चुलीचं कबूल. रविवार आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या खाली थांबवायच्या, यावर मात्र मी अजून ठाम आहे. येत्या रविवारी मी पुन्हा येतोय, बुधवार पेठेतून चालत. ताई, सासूबाई कुठे बसतात?